संमतीपत्र मराठीत द्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चंद्रपूर जिल्ह्याच्या हवेविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी बातम्या येतात आणि त्यांवर वाचकांची पत्रेही छापून येतात. त्यांतील बहुतेक पत्रे शहरातल्या रहिवाशांची असतात. मी खेड्यात राहतो, सात एकरांचे वावर कसतो, आणि त्याआधी २६ वर्षे मी एका कोळशावर चालणाऱ्या मोठ्या वीज केंद्रात कामगार होतो. त्यांपैकी बहुतेक वर्षे मी ज्या विभागात काढली त्याला आम्ही 'ईएसपी' म्हणत असू. धुरातली राख चिमणीपर्यंत पोहोचू नये म्हणून विजेच्या जोरावर ती अडवून धरणारी ही यंत्रणा. राख अडवण्याचे काम मी स्वतः केले आहे आणि न अडलेली राख आता माझ्याच पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पडलेली पाहतो आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो. आमच्या शिवाराजवळच्या केंद्राचे नाव मी येथे घेत नाही, कारण माझे म्हणणे एका केंद्रापुरते नाही.

कारखान्याच्या आत साध्या हॉपरचे, म्हणजे अडवलेली राख जिथे साठते त्या नसराळ्यासारख्या टाकीचे, झाकण उघडायचे असले, तरी कामगाराला 'परमिट' घ्यावे लागते. त्या कागदावर कोणते काम, कोणत्या जागी, किती वाजेपर्यंत, कोणता वीजपुरवठा बंद केला, कोणती साधने अंगावर हवीत, हे सर्व लिहिलेले असते. शिफ्ट इन्चार्ज ते कामगाराला वाचून दाखवतो, कामगार सही करतो, आणि काम संपेपर्यंत तो कागद कामाच्या जागी टांगलेला असतो. परमिट न घेता काम केले तर मेमो मिळतो, आणि ते योग्यच आहे, कारण त्या कागदावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

अख्खा कारखानाही अशाच एका परवानगीवर चालतो. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९८१ च्या कलम २१ प्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेतल्याशिवाय असा उद्योग उभारता येत नाही आणि चालवताही येत नाही. या संमतीपत्रात किती चिमण्या, त्यांची उंची किती, प्रत्येकीतून किती धूळ बाहेर पडलेली चालेल, राख कशी हलवायची, कोळशाच्या साठ्यावर पाणी कधी मारायचे, रस्त्यावरची धूळ कशी दाबायची, मोजमाप कोणी आणि किती दिवसांनी करायचे, या अटी असतात. मात्र हॉपरचे झाकण उघडणाऱ्या माणसाला त्याच्या परमिटाच्या अटी वाचून दाखवल्या जातात, आणि या मोठ्या परमिटाच्या अटी, ज्यांच्या डोक्यावर ती राख पडते त्या गावकऱ्यांना आजवर कोणी वाचून दाखवलेल्या नाहीत. माझे सगळे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे.

आमच्या सरपंचताईंनी दोन वर्षांपूर्वी त्या कागदाची मागणी केली. काही महिन्यांनी वीसपंचवीस पानांची एक प्रत ग्रामपंचायतीत आली. ती पूर्णपणे इंग्रजीत आहे. ग्रामसेवकांनी ती फाइलला लावली, फाइल लोखंडी कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली ग्रामसेवकांच्या खिशात राहिली. यात ग्रामसेवकांचा दोष नाही. त्या प्रतीत 'मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर' अशी मापे आहेत, कलमे आहेत, परिशिष्टे आहेत. ज्या गावात फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा मजकूरही एकाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्या गावाने या कागदाचे काय करायचे?

याउलट जनसुनावणीचा अनुभव पाहावा. पर्यावरणीय परवानगीसाठी १४ सप्टेंबर २००६ ची जी अधिसूचना आहे, तिच्यानुसार प्रकल्प येण्याआधी त्याच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत द्यावा लागतो, ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली सुनावणी घ्यावी लागते. म्हणजे कारखाना येण्याच्या आधी मराठीत सांगणे बंधनकारक आहे. कारखाना आला, चिमणी पेटली, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे ज्या अटींवर तो चालणार त्या अटी मात्र इंग्रजीत राहिल्या. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. राज्याच्याच एका मंडळाने राज्यातल्याच एका गावाच्या हवेबद्दल काढलेला कागद मराठीत मिळावा, ही मागणी अवाजवी आहे असे मला वाटत नाही.

आता, अटी वाचता आल्याने हवा कशी स्वच्छ होईल असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर मला माझ्या कामाच्या अनुभवातूनच देता येईल, आणि त्यासाठी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

ईएसपीमध्ये लोखंडी पत्र्यांच्या उंच रांगा असतात आणि त्यांच्या मधोमध बारीक तारांसारखी इलेक्ट्रोड असतात. त्यांत हजारो व्होल्टचा दाब सोडला की जाणाऱ्या धुरातल्या राखेचे कण विद्युतभारित होऊन पत्र्यांना चिकटतात. ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर आपटतात, राख सुटून खाली हॉपरमध्ये पडते आणि तेथून ओढून नेली जाते. एका मागे एक अशी अनेक 'फिल्ड' असतात; पहिल्यातून सुटलेली राख दुसऱ्यात अडते, दुसऱ्यातून सुटलेली तिसऱ्यात. सगळी फिल्ड सुरू असली आणि हातोडे वेळेवर पडत असले, तर हजारातले ९९९ भाग अडतात. आपल्याकडच्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के असते, त्यामुळे हे ९९९ चे गणित फार महत्त्वाचे आहे.

साधा हिशेब मांडतो. २१० मेगावॅटचा वीजनिर्मितीचा एक संच पूर्ण भारावर तासाला साधारण १४० टन कोळसा जाळतो. राख ४० टक्के धरली तर ५६ टन, आणि तीतली सुमारे ४५ टन धुराबरोबर उडते. ईएसपी ९९.९ टक्के काम करत असेल तर तासाला ४५ किलो राख चिमणीतून बाहेर जाते. दोन-तीन फिल्ड बंद पडून तेच काम ९९ टक्क्यांवर आले, तर ४५० किलो जाते. ९९.९ आणि ९९ हे दोन्ही आकडे कानाला सारखेच वाटतात, पण त्यांच्यामध्ये दसपट अंतर आहे. रात्रीचे दहा तास ही स्थिती राहिली तर साडेचार टन, म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली भरून वर उरेल एवढी राख आसपासच्या गावांवर पसरते, आणि सकाळी सहाच्या शिफ्टला फिल्ड पुन्हा सुरू झालेली असतात.

फिल्ड का बंद पडतात? नेहमीचे कारण हॉपर चोक होणे. गरम राख पाण्यासारखी वाहते, पण हॉपरचे हीटर बंद असले आणि ती थंडावली, की दमट होऊन गोळा होते. मग खालून राख उतरत नाही, वर चढत जाते, इलेक्ट्रोडला टेकते आणि फिल्ड उडते. मग लांब सळई घेऊन खालच्या तोंडातून ती मोकळी करावी लागते. हे काम मी रात्री दोन-तीन वाजता असंख्य वेळा केले आहे. डोळ्यांवर चष्मा, तोंडाला फडके, हातात चामड्याचे मोजे. सळई आत घातली की काही क्षण काहीच होत नाही, आणि मग एकदम राखेचा लोंढा पायांवर येतो. ज्या केंद्रात हीटर वेळेवर दुरुस्त होतात, हातोड्यांचे सुटे भाग साठ्यात असतात, आणि हॉपर उतरवणारी कंत्राटी पोरे पुरेशी असतात, तेथे हा प्रसंग क्वचित येतो. ज्या केंद्रात 'पुढच्या ओव्हरहॉलला पाहू' म्हणून या गोष्टी लांबणीवर पडतात, तेथे तो रोजचा होतो. चिमणीतून काय बाहेर पडेल हे अशा किरकोळ वाटणाऱ्या दुरुस्त्यांवर ठरते. हीटरची मागणी तीन महिने पडून आहे का, हे कळायला लॉगबुक पाहावे लागते, आणि लॉगबुक पाहण्याची गरज वरिष्ठांना तेव्हाच वाटते जेव्हा बाहेरून कोणीतरी विचारणारे असते. हे मी कोणावर रोष धरून लिहीत नाही. आत चांगले अभियंते असतात, मन लावून काम करणारे फोरमन असतात. वीजनिर्मितीचा आकडा रोज सकाळी वर कळवावा लागतो म्हणून टर्बाइनची दुरुस्ती तासाभरात होते. राखेचा आकडा विचारणारा कोणी नसल्याने ईएसपीच्या दुरुस्तीची पाळी शेवटी येते.

नियमांत या गोष्टी नाहीत असे मुळीच नाही. कोळशावरील वीज केंद्रांसाठी ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने धुळीची मर्यादा ठरवून दिली आहे. २००३ अखेरपर्यंत उभारलेल्या संचांना दर सामान्य घनमीटर वायूमागे १०० मिलिग्रॅम, त्यानंतर २०१६ अखेरपर्यंतच्या संचांना ५०, आणि २०१७ पासूनच्या संचांना ३०. गंधकाच्या वायूबाबत त्याच अधिसूचनेतली मुदत अनेकदा वाढवली गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतांश केंद्रांना त्यातून सूट मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रांच्या आणि हवेचे निकष न पाळू शकलेल्या शहरांच्या १० किलोमीटर परिघातल्या केंद्रांचा निर्णय प्रत्येक प्रकरण पाहून व्हायचा आहे. त्या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात. पण धुळीच्या मर्यादेत कोणतीही सूट नाही, आणि धूळ अडवणारी यंत्रणा प्रत्येक केंद्रात उभी आहे. ती रोज रात्री नीट चालवणे एवढेच बाकी आहे.

मोजमापाचीही सोय आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ पासून अतिप्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे बसवून त्यांचे आकडे मंडळाच्या सर्व्हरवर थेट पाठवण्यास सांगितले, आणि औष्णिक वीज केंद्रे त्या १७ मध्ये येतात. म्हणजे आमच्या गावाजवळच्या चिमणीतून या क्षणी किती धूळ निघते आहे हे कोठेतरी नोंदले जात आहे. ते गावाला मात्र दिसत नाही. शिवाय आकडा दिवसाच्या सरासरीत दाखवला तर बरेच काही झाकले जाते. बावीस तास ४५ आणि दोन तास ४५० मिलिग्रॅम अशी स्थिती असली तरी दिवसाची सरासरी सुमारे ७९ येते, आणि जुन्या संचाची मर्यादा १०० असल्याने तो दिवस नियमात बसलेला दिसतो. म्हणून आकडा तासागणिक हवा, आणि संच नव्याने पेटवताना तेलावर चालतो तेव्हाच्या काळ्या धुराचे तासही त्यात वेगळे दाखवलेले हवेत. त्या वेळी पत्र्यांवर तेलकट काजळी बसू नये आणि आत आग लागू नये म्हणून ईएसपी पूर्ण दाबाने चालवत नाहीत. हे तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखे आहे, आणि म्हणूनच ते गावाला आधी कळवणे अवघड नाही.

कळवण्याचा फायदा काय, तर तो आमच्या वावरात येऊन पाहावा. दिवाळीनंतर पऱ्हाटी फुटायला लागते. त्या दिवसांत रात्री थंड हवा जमिनीलगत साचून राहते, धूर वर न जाता खालीच रेंगाळतो, आणि पहाटे दव पडते. दव पडलेल्या उमललेल्या बोंडावर राख आली की ती झटकून जात नाही, दवात भिजून कापसाच्या तंतूला धरून बसते. गेल्या वेचणीला एका सकाळी आमच्या घरच्या बायका वेचायला गेल्या, तर कमरेला बांधलेल्या ओट्यात पडणारा कापूस राखी दिसत होता आणि त्यांच्या बोटांची टोके काळी झाली होती. बाजारात व्यापाऱ्याने मूठभर कापूस हातात घेऊन चोळला, तळहात मला दाखवला आणि भाव पाडला. त्याच्याशी मी वाद घालू शकलो नाही, कारण त्याच्या तळहातावर काय लागले आहे हे मला त्याच्याहून चांगले ठाऊक होते. त्या रात्री फिल्ड बंद असल्याचे गावाला संध्याकाळी कळले असते, तर निदान अंधार पडायच्या आत दोन बायका जास्त लावून फुटलेला कापूस घरात आणता आला असता. आणि त्या रात्रीची नोंद हातात असती, तर नुकसानभरपाईच्या अर्जाला काही आधार राहिला असता. आज आमच्यापैकी कोणी अर्ज केला तर 'ही राख आमचीच कशावरून' असे उत्तर येते.

मर्यादेबाहेर उत्सर्जन झाले किंवा होण्याची शक्यता निर्माण झाली, तर ते ताबडतोब मंडळाला कळवण्याची जबाबदारी हवा अधिनियमाच्या कलम २३ ने कारखान्याच्या प्रभारी व्यक्तीवर टाकली आहे. मंडळाला जो निरोप जातो तोच निरोप त्याच वेळी ग्रामपंचायतीला गेला, तर त्यासाठी वेगळा खर्च येणार नाही. गावागावांत व्हॉट्सॲपचे गट आहेत, ग्रामपंचायतीचा भोंगा आहे, कोतवाल आहे.

आणखी एक गोष्ट संमतीच्या अटींत असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे चिमणीशिवायची धूळ. कोळशाचे ट्रक ताडपत्री न बांधता धावतात, पाण्याचा टँकर फाटकापर्यंत रस्ता भिजवून मागे वळतो, आणि वैशाखात केंद्राची राख साठवतात त्या बंधाऱ्याचा वाळलेला भाग वावटळीबरोबर उठतो. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा १०० टक्के वापर करणे केंद्रांवर बंधनकारक केले आहे; विटा, सिमेंट, रस्त्याचा भराव यांसाठी ती जावी अशी अपेक्षा आहे. ते जितके होईल तितके चांगलेच. पण तोवर बंधाऱ्याचा किती भाग ओला ठेवायचा हे ज्याला माहीत आहे, तोच बंधाऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

कायद्याने नागरिकाला अधिकार दिलेले आहेत. हवा अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन कोणतीही व्यक्ती न्यायालयात तक्रार करू शकते, आणि अशा व्यक्तीने मागणी केल्यास, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर, मंडळाने आपल्याकडचे संबंधित अहवाल तिला द्यावेत असे त्याच कलमात आहे. पर्यावरणीय परवानगीच्या अटींचे पालन किती झाले याचा अहवाल कारखान्याने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो व तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. मर्यादेपेक्षा जास्त उत्सर्जनासाठी पूर्वी कारावासाची शिक्षा होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. एवढ्या मोठ्या केंद्राच्या उलाढालीपुढे हा दंड किरकोळ आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. दंडाची भीती कमी झाली असेल, तर शेजारच्या गावाचा डोळा तरी उघडा असला पाहिजे.

म्हणून माझी मागणी अशी आहे की मोठ्या उद्योगांच्या संमतीपत्राचा अधिकृत मराठी अनुवाद मंडळाने स्वतः करावा. परिसरातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर त्यातल्या मुख्य अटी, चिमणीगणिक मर्यादा आणि संमतीची मुदत मोठ्या अक्षरांत रंगवून घ्याव्यात. आणि सहामाही अनुपालन अहवाल १५ ऑगस्ट व २६ जानेवारीच्या ग्रामसभेत कारखान्याच्या जबाबदार अधिकाऱ्याने समोर उभे राहून मराठीत वाचावा. त्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारणाऱ्यांत माझ्यासारखे निवृत्त कामगार प्रत्येक गावात दोन-चार तरी सापडतील. आम्हाला हॉपर माहीत आहे, हातोडे माहीत आहेत, आणि लॉगबुकातली कोणती ओळ नंतर लिहिलेली आहे हेही ओळखता येते. आमचा हा अनुभव वाया जाऊ देऊ नये.

२००९ साली केंद्रीय मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरचा अंक ८३.८८ होता आणि ७० च्या वर असलेले क्षेत्र अतिप्रदूषित मानले गेले होते. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यातही निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत चंद्रपूर आहे. त्या कार्यक्रमाची यंत्रे आणि आराखडे मुख्यतः शहरासाठी आहेत. चिमण्या मात्र शहराबाहेर, आमच्यामध्ये उभ्या आहेत.

शेवटची विनंती आपल्या दैनिकालाच आहे. आपल्या आतल्या पानावर रोज कापूस, तूर, सोयाबीनचे भाव आणि विदर्भातल्या ठिकाणांचे कमाल-किमान तापमान एका चौकटीत छापले जाते, आणि गावातली माणसे सर्वांत आधी तीच चौकट पाहतात. मंडळाकडून आदल्या दिवसाचे आकडे मिळवून त्या चौकटीखाली प्रत्येक मोठ्या केंद्राच्या प्रत्येक चिमणीची मर्यादा, दिवसातला सर्वांत जास्त तासाचा आकडा आणि मर्यादेबाहेर गेलेले तास, एवढे तीन रकाने आपण सुरू करावेत. यंदाच्या वेचणीच्या आधी ते सुरू झाले तर आमच्या गावात ती चौकट रोज सकाळी पारावर मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम मी स्वतः करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त ईएसपी कामगार व कास्तकार,
जिल्हा चंद्रपूर